सर थॉमस मोअर : शपथेचें मोल जाणणारा न्यायाधीश

विद्यार्थिमित्रहो, खोटें बोलूं नये हें आपण पहिल्या इयत्तेपासून ऐकत आलों आहों. परंतु एका खोट्या शपथेनें प्राण वांचत असतील तर काय करावें? या प्रश्नाचें उत्तर स्वतःच्या आचरणानें देणाऱ्या एका थोर पुरुषाचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें सांगत आहों.

थॉमस मोअर यांचा जन्म १४७८ सालीं लंडन शहरीं झाला. ऑक्सफर्ड येथें कांहीं काळ शिकून पुढें ते नामांकित वकील झाले. १५१६ सालीं त्यांचा 'युटोपिया' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या मुलींनाहि त्यांनीं मुलाप्रमाणेंच ग्रीक व लॅटिन शिकविलें. त्यांची थोरली कन्या मार्गारेट मोठी विदुषी निघाली.

१५२९ सालीं राजा आठवा हेन्री यानें त्यांस लॉर्ड चॅन्सेलर नेमिलें. त्यांचे जांवई विल्यम रोपर यांनीं लिहून ठेविलेली एक गोष्ट अशी : एका विधवेच्या बाजूनें निकाल लागला, तेव्हां तिनें नववर्षाची भेट म्हणून हातमोजे पाठविले. आंत चाळीस पौंडांचीं सोन्याचीं नाणीं होतीं. मोअर यांनीं तिचें मन राखण्यासाठीं मोजे ठेवून घेतले व नाणीं परत केलीं.

सत्याविषयीं लिहितांना आम्हीं हेंहि लपवूं नये कीं, त्यांच्याच अमदानींत कांहीं धर्मसुधारकांना जिवंत जाळण्यांत आलें व त्या शिक्षेस त्यांची संमति होती. थोरांच्याहि दृष्टीस मर्यादा असतात.

राजास राणी कॅथरिनचा त्याग करून ॲन बुलिनशीं विवाह करावयाचा होता. पोपनें संमति दिली नाहीं, म्हणून राजा स्वतःच इंग्लंडच्या ख्रिस्तमंडळीचा प्रमुख बनूं लागला. मोअर यांनीं १५३२ सालीं पदत्याग करून गरिबी पत्करली. १५३४ सालीं राजाच्या नव्या कायद्याची शपथ सर्वांस घ्यावी लागली. बहुतेक बिशपांनीं ती घेतली. मोअर यांनीं घेतली नाहीं. त्यांनीं राजाची निंदा केली नाहीं, कीं मृत्यूस आव्हान दिलें नाहीं. मनास जें खरें वाटत नव्हतें, त्यावर देवाची साक्ष काढण्याचें मात्र नाकारलें. त्यांची रवानगी टॉवरच्या तुरुंगांत झाली. लाडक्या मार्गारेटनेंहि मन वळविण्याचा यत्न केला. पुढें त्यांचीं पुस्तकें काढून नेलीं, तेव्हां ते कोळशानें पत्रें लिहीत.

१ जुलै १५३५ रोजीं खटला चालला. रिचर्ड रिच नामक अधिकाऱ्यानें दिलेली साक्ष खोटी असल्याचें मोअर यांनीं न्यायासनासमोर निक्षून सांगितलें. तरी त्यांस देहान्ताची शिक्षा झाली. परततांना मार्गारेटनें पहारेकऱ्यांच्या घोळक्यांत शिरून पित्यास मिठी मारली. ६ जुलै रोजीं त्यांचा शिरच्छेद झाला. रिच पुढें त्याच लॉर्ड चॅन्सेलरच्या पदावर चढला. परंतु १९३५ सालीं पोप अकरावे पायस यांनीं संत म्हणून गौरविलें तें मोअर यांस.

मुलांनो, तुमच्यासमोर राजा नाहीं. परीक्षेची उत्तरपत्रिका आहे, फुटलेली कांच आहे, खोटी सही मागणारा मित्र आहे. मोअर यांनीं चाळीस पौंड परत केले नसते, तर पुढें शपथ नाकारण्याचें बळ त्यांस कोठून येतें? लहान गोष्टींतील खरेपणा हीच धैर्याची तालीम होय. आणि पालकांस आमची नम्र विनंति अशी कीं, मूल भीत भीत खरें बोलेल, तेव्हां प्रथम त्याच्या पाठीवर हात ठेवावा. चुकीचा विचार मागाहून करतां येईल.