मन निराळे, आत्मा निराळा : नेवाशाची माउली

हातात माळ, मुखी नाम आणि मन मात्र घरच्या गोठ्यात! हा अनुभव कोणत्या वारकऱ्यास नाही? मग जीवाला चुटपुट लागते की, ज्याचे मन असे ओढाळ त्याचा आत्माच मलिन असला पाहिजे. मन म्हणजेच आत्मा असे धरून चालले की हे दुःख ओघानेच येते. या भ्रमाचे निरसन श्रीज्ञानेश्वर महाराजांनी ग्रंथात केले, आणि आपल्या चरित्रानेही केले.

महाराजांचे घराणे पैठणजवळच्या आपेगावचे. जन्म शके ११९७ (सन १२७५), अशी परंपरा. वडील विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसार मांडला. तेवढ्यावरून घर वाळीत पडले. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही भावंडे संन्याशाची पोरे म्हणून हिणवली गेली. प्रायश्चित्त म्हणून आईबापांनी देह ठेवला, तरी मुलांची मुंज लावण्यास कोणी तयार होईना. पैठणास रेड्यामुखी वेद बोलविले, ती कथा आपण कीर्तनात ऐकतोच. सांगा बरे, कोवळ्या मनावर याहून मोठा घाव कोणता?

पैठणाहून ही भावंडे आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवाशास आली. प्रवरेचा काठ, ग्रामदैवत मोहिनीराज. तेथे एक बाई पतीच्या प्रेताबरोबर सती जाण्यास निघाली होती. महाराजांनी त्या पुरुषास उठविले, आणि तेच सच्चिदानंदबाबा पुढे ग्रंथाचे लेखक झाले, असे परंपरा सांगते. शके १२१२ (सन १२९०) मध्ये निवृत्तिनाथांच्या आज्ञेने महाराज एका खांबास टेकून गीतेचा अर्थ सांगू लागले आणि बाबा लिहू लागले. अठरा अध्याय, सुमारे नऊ हजार ओव्या. आणि सांगणाऱ्याचे वय अवघे पंधरा! तो पैस खांब आजही नेवाशास आहे. वारकरी त्याला मिठी मारल्याशिवाय परतत नाही.

या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात आपल्या शंकेचे उत्तर आहे. देह हे शेत आणि आत्मा त्या शेताला जाणणारा. शेतात काय काय आहे याची महाराजांनी छत्तीस तत्त्वे मोजून दाखविली. पाच महाभूते, अहंकार, बुद्धी, अव्यक्त, दहा इंद्रिये, त्यांचे दहा विषय, सुखदुःख, इच्छा, द्वेष वगैरे. त्या यादीत मनही आहे. म्हणजे मन शेतातले पीक; शेताचा जाणता तो निराळाच. इतकेच काय, अंगातली चेतनासुद्धा त्यांनी शेतातच घातली. चुंबक जवळ आला की लोखंड हलते, तसे आत्म्याच्या नुसत्या सान्निध्याने हे जड शरीर जागे होते. हललेले लोखंड काही चुंबक होत नाही.

पण मन निराळे म्हणून त्याला मोकाट सोडावे काय? आत्मा शुद्धच आहे, मन काही का करीना, असे म्हणणारेही भेटतात. बाबांनो, शेत आपले नाही म्हणून तण माजू द्यावे काय? मनाच्या संगतीनेच आत्म्याला जीवदशा भोगावी लागते. सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो, तेथे महाराज मनाचा एक गुणही सांगतात. त्याला जिथली गोडी लागते, तिथे ते आपण होऊन धावते. म्हणून त्याला मारू नये, आत्मसुखाची गोडी लावावी.

हे बोल अनुभवाचे होते. एकदा लोकांच्या टोचण्याने महाराजांचे मन दुखावले आणि ते ताटी लावून आत बसले. धाकट्या मुक्ताबाईने समजूत घालून ती उघडविली. ताटीचे अभंग ते हेच. माउलींचेही मन दुखावले, यात कमीपणा काही नाही. दुखणे हा मनाचा धर्मच आहे. पण ते दुखणे त्यांनी आत्म्याला चिकटू दिले नाही. चिकटले असते तर त्यांनी छळणाऱ्यांना शाप दिले असते. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी पसायदान मागितले. त्यात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या वृत्तीतला वाकडेपणा जावा एवढेच मागितले. वाकडे होते ते मन. आत्मा त्यांच्याही ठायी तोच आहे, हे महाराज जाणून होते.

शके १२१८ (सन १२९६) मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीस, महाराजांनी आळंदीस समाधी घेतली.

तेव्हा भाविकहो, नामाला बसल्यावर मन गोठ्याकडे पळाले, तर मीच वाईट म्हणून कष्टी होऊ नका. पळाले ते मन. ते पळाले हे ज्याला कळले, तो तुम्ही. वासराला दावे धरून हळूच वळवावे, तसे त्याला पुन्हा नामावर आणा. पुन्हा पळेल, पुन्हा आणा. गोडी लागली की दाव्याची गरज उरणार नाही.

रामकृष्णहरि!