डार्विन आणि मुक्या जिवांचे मन

१८३८ सालच्या मार्च महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील जेनी नावाच्या ओरांगउटान मादीपुढे २९ वर्षांचा एक तरुण उभा होता. रखवालदाराने जेनीला सफरचंद दाखविले, पण दिले नाही. तिने उताणे पडून हातपाय झाडले आणि हट्टी मुलासारखा आक्रोश मांडला. शांत झालीस तर फळ मिळेल, असे रखवालदाराने सांगितल्यावर मोठ्या कष्टाने रडे आवरून तिने ते मिळविले व खुर्चीत बसून समाधानाने खाल्ले. तो तरुण म्हणजे 'बीगल' जहाजावरील पाच वर्षांचा प्रवास संपवून १८३६ साली परतलेला चार्ल्स डार्विन. त्या वर्षी त्याने मन, स्वभाव आणि भावना यांविषयी खाजगी टिपणवह्या लिहावयास घेतल्या. पशू म्हणजे केवळ यंत्र, हे देकार्तचे मत तेव्हा दोन शतके जुने झाले होते. आत्मा मनुष्यालाच आहे, ही धर्मपीठाची शिकवण त्याहूनही जुनी. या दोन्हींच्या विरुद्ध जाणारा विचार उघडपणे मांडण्याचे धैर्य त्याला तेव्हा झाले नाही.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्याने माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचला. अर्थशास्त्राने अन्य शास्त्रांकडून उसनवारी केल्याची उदाहरणे पुष्कळ सांगितली जातात. येथे मात्र जीवशास्त्र ऋणको ठरले. माल्थसने मनुष्याच्या संख्येविषयी जे सांगितले, ते डार्विनने सर्व जीवसृष्टीला लावले आणि नैसर्गिक निवडीचे तत्त्व त्याच्या हाती आले. पण मनुष्याचे शरीर या नियमाने घडले असेल, तर त्याचे मन कोणत्या नियमाने घडले? १८५९ साली 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध झाला, तेव्हाही मानवाच्या उत्पत्तीविषयी त्यात जेमतेम एक वाक्य होते.

पुढे पेच उभा राहिला तो विरोधकांकडून नव्हे, तर हेच तत्त्व स्वतंत्रपणे शोधून काढणाऱ्या वॉलेसकडून. रानटी म्हणविल्या जाणाऱ्या लोकांचा मेंदूही त्यांच्या गरजेहून कितीतरी मोठा असतो. नैसर्गिक निवड गरजेपुरतेच देते. तेव्हा मानवी मनामागे एखादी उच्चतर शक्ती असली पाहिजे, असे त्याने १८६९ साली लिहिले. डार्विनला याचे अतिशय दुःख झाले. वस्तुतः प्रश्न साऱ्या इमारतीचाच होता. एका मनासाठी अपवाद केला, तर उरलेल्या सृष्टीसाठी नियम कशाच्या बळावर सांगावयाचा?

१८७१ सालच्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये त्याने उत्तर दिले. मनुष्य आणि वरच्या श्रेणीचे प्राणी यांच्या मनांतील अंतर कितीही मोठे असले, तरी ते जातीचे नसून प्रमाणाचे आहे. भय, स्मृती, कुतूहल, मत्सर या सर्वांची मुळे पशूंत आहेत. हिरवळीवरील उघडी छत्री वाऱ्याने हलली की त्याचा कुत्रा गुरगुरे. यावरून अदृश्य कर्त्याची कल्पना कुत्र्यालाही येत असावी, असा तर्क त्याने केला. येथे शास्त्रज्ञापेक्षा श्वानप्रेमीच बोलत आहे, असे म्हणावे लागते. याहून गंभीर दोष असा की, पशू आणि मानव यांमधील दरी बुजविताना त्याने मानवजातींचीच उतरंड रचली. गुलामगिरीचा कट्टर द्वेष करणाऱ्या माणसाकडून हे व्हावे, हे विशेष. तथापि मूळ सिद्धान्त टिकला. जाणिवेस आवश्यक अशी मज्जारचना एकट्या मनुष्यापाशीच नाही, असे २०१२ साली केंब्रिज येथे मज्जाशास्त्रज्ञांनी जाहीर केले, तेव्हा सस्तन प्राणी आणि पक्षी यांबरोबर ऑक्टोपसचाही निर्देश केला.

१८७२ साली भावनांच्या आविष्कारावरील त्याचा ग्रंथ निघाला. त्यासाठी त्याने देशोदेशी प्रश्नावली धाडली होती. ती आपल्या अहमदनगर जिल्ह्यातही पोहोचली. तेथे राहणाऱ्या अर्स्किन नामक इंग्रजाने लोकांचे चेहरे न्याहाळले खरे, पण युरोपियनांसमोर हे लोक सर्व भावना लपवितात, त्यामुळे खात्रीने काही सांगता येत नाही, असे त्याला आढळले. राज्यकर्त्यासमोर रयतेने चेहरा कोरा ठेवावा, यात नवल काहीच नाही. पण भाषा असलेल्या माणसाच्या अंतरंगाची ही कथा, तर मुक्या जनावराचे मन बाहेरून कसे वाचावे? ही अडचण डार्विनला पुरती सुटली नाही.

हा वाद केवळ ग्रंथांत राहिला नाही. जिवंत प्राण्यांवरील शस्त्रप्रयोगांविरुद्ध इंग्लंडात चळवळ उठली, तेव्हा १८७५ साली डार्विनने शाही आयोगापुढे साक्ष दिली. शरीरशास्त्राच्या प्रगतीसाठी प्रयोग हवेत, परंतु टाळता येण्याजोगी वेदना देणे निंद्य होय, अशी त्याची भूमिका होती. १८७६ साली कायदा झाला. प्राण्याला मन आहे असे सांगणारानेच प्रयोगांची पाठराखण करावी, हे अनेकांना रुचले नाही. पण त्याने दोन्ही मते अखेरपर्यंत सोडली नाहीत.

उतारवयात तो गांडुळांकडे वळला. पियानोच्या सुरांना गांडुळे दाद देईनात, पण त्यांच्या कुंड्या पियानोवरच ठेवल्या, तेव्हा कंपनाने ती बिळात शिरली. बिळाचे तोंड बंद करावयास ती पाने ओढतात, म्हणून त्याने कागदाचे ३०३ त्रिकोण कापून पसरले. त्यांपैकी ६२ टक्के गांडुळांनी अरुंद टोकाकडून ओढले. हा आंधळा योगायोग नव्हे, यात काही अल्पशी बुद्धी आहे, असे त्याने १८८१ साली लिहिले. मात्र अगदी कनिष्ठ जीवात मन प्रथम कसे उगवले, हा शोध जीवनाच्या उगमाच्या शोधाइतकाच निष्फळ आहे, असे त्याने पूर्वीच म्हणून ठेवले होते.

१९ एप्रिल १८८२ रोजी तो वारला. प्राण्यांच्या मनाविषयीची टिपणे त्याने तरुण सहकारी रोमेन्स याच्या स्वाधीन केली होती. विस्तारभयाने १८५९ च्या ग्रंथातून गाळलेला सहजप्रेरणेवरील मजकूर त्यांत होता; रोमेन्सने तो १८८३ साली आपल्या पुस्तकाच्या शेवटी छापला.