शिकारीनं हिरावलं, पुस्तकानं सावरलं

आमच्या भोकरदनकडे मक्यात रानडुकरं शिरली, की बाया आधी पोरांना घरात घेतात. तेव्हा मला हटकून कोल्हापूरच्या इंदुमती राणीसाहेब आठवतात. जन्म १९०६ चा, माहेर सासवडच्या जगतापांचं. १९१७ मध्ये त्या राजर्षी शाहू महाराजांच्या धाकट्या सूनबाई झाल्या. जेमतेम वर्ष सरलं अन् जून १९१८ मध्ये घोड्यावरून रानडुकराच्या शिकारीला गेलेले राजकुमार शिवाजी अपघातात गेले. राणीसाहेब अवघ्या अकरा वर्षांच्या! महाराजांनी पोटचं दुःख गिळलं, घरातला विरोध बाजूला सारला आणि सुनेला शिकवायला घेतलं. १९२२ मध्ये तेही गेले. पण या थांबल्या नाहीत. १९२५ मध्ये मॅट्रिक झाल्या. १९७१ मध्ये निवर्तल्या, तोवर मुलींच्या शिक्षणासाठी झटल्या. मैत्रिणींनो, आपली सून अशी एकटी पडली, तर आपण तिच्या हाती काय देतो?