मत्स्यशोधक कर्नल साइक्स

पुणे जिल्ह्यातील जुन्नर गावाच्या उत्तरेस लेण्याद्रीचा डोंगर आहे. सुमारे तीनशे पायऱ्या चढून गेले म्हणजे कातळात कोरलेल्या लेण्यांची रांग दिसू लागते. त्यांपैकीच एका लेण्यात गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे. डोंगर आणि गाव यांच्या मधून कुकडी नदी वाहते. ही कुकडी पुढे घोड नदीला मिळते आणि घोड भीमेला. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी या मुलखातील डोंगरांतून व नद्यांच्या काठाकाठाने एक इंग्रज अधिकारी टिपणवही घेऊन हिंडत असे. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म १७९० साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, म्हणजे १८०३ साली, त्यांची ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात उमेदवार म्हणून निवड झाली. ज्या वयात मुले शाळेच्या बाकावर बसतात, त्या वयात त्यांचा लष्कराशी संबंध आला. पुढे मुंबई इलाख्याच्या फौजेत असताना त्यांनी हिंदुस्थानी व मराठी या भाषांचा अभ्यास करून त्यांच्या परीक्षा दिल्या. १८१७ साली खडकी येथे पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्या लढाईत साइक्स कंपनीच्या हिंदी शिपायांचे नेतृत्व करीत होते. मराठी राज्य बुडविणाऱ्या फौजेचे ते एक अधिकारी होते, हे विसरून चालणार नाही.

पुढे चार वर्षे युरोपात प्रवास करून ते १८२४ साली हिंदुस्थानात परतले. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर एक निराळीच कामगिरी सोपविली. दख्खनची लोकसंख्या किती, जमीन कशी, पिके कोणती, या साऱ्यांची पाहणी करून त्यांनी सरकारला अहवाल द्यावयाचा होता. नव्या राज्यकर्त्यांना मुलखाची व महसुलाची माहिती हवी होती. साइक्स यांची जिज्ञासा मात्र महसुलापाशी थांबणारी नव्हती. हवेचा दाब दिवसातून कसा चढतो व उतरतो, रानात कोणते पशू आहेत, झाडांवर कोणते पक्षी बसतात, हेही ते टिपून ठेवू लागले.

मग त्यांचे लक्ष नद्यांकडे वळले. पुण्याजवळची मुळा-मुठा, इंद्रायणी, शिरूरजवळची घोड आणि पेडगावजवळची भीमा, अशा ठिकठिकाणचे मासे त्यांनी मिळविले. मेलेल्या माशाचा रंग लवकर उतरतो. म्हणून मासा ताजा असतानाच त्याचे वर्णन करावे लागते. कल्ल्यापासून शेपटीपर्यंतची लांबी, परांतील काट्यांची संख्या, मिशा आहेत की नाहीत, अशा लहानसहान गोष्टींवरून एक जात दुसरीपासून ओळखता येते. साइक्स यांनी अशी वर्णने लिहिली आणि मापे घेऊन काढलेली चित्रे त्यांना जोडली.

या कामात त्यांचे खरे गुरू नदीकाठचे लोक होते. कोणत्या डोहात कोणता मासा राहतो आणि त्याला काय म्हणतात, हे ज्ञान पिढ्यान्पिढ्या मासेमारी करणाऱ्यांपाशी होते. साइक्स यांना मराठी येत होते, त्याचा येथे मोठा उपयोग झाला. माशांना शास्त्रीय नावे देताना त्यांनी अनेकदा इथल्या बोलीतलीच नावे घेतली. शिंगाळ्याचे नाव त्यांच्या लेखणीतून ‘सिंघाला’ असे उतरले. दख्खनच्या महाशिराला ‘खुद्री’ हे नाव मिळाले. इंद्रायणीतील एका माशाच्या तोंडावर चमत्कारिक उंचवटा असतो. त्याचे नाव ‘नुक्ता’ झाले. जगातील कोणत्याही देशाचा शास्त्रज्ञ आज हे मासे याच नावांनी ओळखतो. अशा रीतीने भीमेच्या काठची बोली शास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसली.

हे काम अर्धवटच राहण्याचा प्रसंग एकदा आला होता. १८२९ सालच्या अखेरीस सरकारने साइक्स यांचे पदच रद्द केले. दुसरा कोणी असता तर कागदपत्रे बांधून तो पलटणीत परतला असता. साइक्स यांनी लष्करी कामापासून सवलत मागून घेतली आणि हाती घेतलेले काम १८३१ सालच्या जानेवारीत तडीस नेले. त्यानंतर ते मायदेशी गेले. १८३२ साली त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली आणि १८३४ साली रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध १८३९ साली विद्वानांपुढे आला. ते काही मत्स्यविद्येचे पंडित नव्हते. त्यांच्या काही चुका पुढील अभ्यासकांनी दुरुस्त केल्या. परंतु दुरुस्तीला मुळात काही लिहिलेले असावे लागते, आणि ते साइक्स यांनी लिहून ठेवले होते.

जुन्नरच्या लेण्यांच्या बाबतीतही असेच घडले. तेथील भिंतींवर ब्राह्मी लिपीतील लेख कोरलेले आहेत. साइक्स येथे हिंडत असताना ती लिपी नीट वाचू शकेल असा कोणीही नव्हता. तरीही त्यांनी ते लेख उतरवून घेतले आणि १८३७ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा पूर्ण उलगडा केला. ज्याचा अर्थ आज लागत नाही, तेही जसेच्या तसे उतरवून ठेवले, तर पुढे वाचणारा भेटतो.

पुढे साइक्स कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि ब्रिटिश पार्लमेंटवरही निवडून आले. १८७२ साली त्यांचे लंडनमध्ये निधन झाले.

त्यांच्यानंतर नद्यांचे रूप फार पालटले. ठिकठिकाणी धरणे झाली, शहरांचे सांडपाणी प्रवाहात मिसळू लागले, परदेशी मासे पाण्यात सोडले गेले. नुक्ता आता दुर्मीळ झाला आहे. महाशिराची संख्या घटल्यामुळे लोणावळ्याजवळ त्याची पिले वाढवून नद्यांत व तलावांत सोडण्याचे काम हाती घ्यावे लागले. पूर्वी कोणत्या नदीत कोणता मासा होता हे ठाऊक असेल, तरच काय हरपले ते कळते. आणि काय हरपले ते कळले, तरच उरलेले वाचविता येते.

जी गोष्ट नदीतील माशांची, तीच समुद्रातील माशांची. मुशी आणि पाकट यांना पिले थोडी होतात आणि त्यांची वाढही सावकाश होते. म्हणून अतिरिक्त मासेमारीत त्यांचा नाश लवकर होतो. २००१ साली भारत सरकारने सर्वांत मोठ्या मुशीला, म्हणजे व्हेल शार्कला, कायद्याचे संरक्षण दिले. आज कोकणच्या बंदरांवर तरुण अभ्यासक पहाटे होड्यांची वाट पाहत उभे असतात. उतरलेल्या मुशीची लांबी ते मोजतात, कोळी बांधवांना तिचे नाव विचारतात आणि वहीत टिपून घेतात. दोनशे वर्षांपूर्वी भीमेच्या काठी जे काम चालले होते, तेच आज समुद्रकाठी चालले आहे. ते अजून पुरे झालेले नाही.