बोहल्यावरून पळालेला मुलगा आणि घळीतलं गजबजलेलं घर

तुमच्या घरात असं एखादं पिल्लू आहे का, जे पाहुणे आले की कपाटामागे जाऊन बसतं? हाका मारून घसा बसला तरी ओ देत नाही, आणि सापडलं की असं काही उत्तर देतं की रागावलेल्या आईला हसूच फुटतं? असेल, तर आजची गोष्ट तुमच्या घरातलीच समजा. फक्त ती चारशे वर्षांपूर्वीची आहे.

आजच्या जालना जिल्ह्यात जांब नावाचं गाव आहे. तिथे ठोसरांच्या घरी १६०८ साली, ऐन रामनवमीला एक मुलगा जन्मला. नाव नारायण. वडील सूर्याजीपंत, आई राणूबाई, मोठा भाऊ गंगाधर. गंगाधर शांत, सांगितलेलं ऐकणारा. धाकटा बरोब्बर उलटा! झाडाच्या शेंड्यावर चढायचं, तिथून उडी टाकायची, पाण्यात तासन् तास डुंबायचं. वडील गेले तेव्हा तो जेमतेम सात वर्षांचा होता. त्यानंतर घर आई आणि दादाच्या खांद्यावर आलं, पण धाकट्याच्या उड्या काही थांबल्या नाहीत.

शेवटी एक दिवस राणूबाई वैतागल्या. किती हुंदडशील, दादाकडे बघ जरा, तूही कसली तरी काळजी करायला शीक, अशा अर्थाचं काहीतरी बोलल्या. जगातल्या प्रत्येक धाकट्या भावंडाला हे बोलणं तोंडपाठ असतं, हो ना? नारायणाने ते ऐकलं आणि तो गायब झाला. सगळीकडे शोधाशोध झाली, पोरगं सापडेना. मग घरातल्याच अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत काहीतरी घ्यायला आई गेली, तर हा तिथे डोळे मिटून बसलेला! इथे काय करतोयस, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, की तो साऱ्या जगाची काळजी करत बसलाय. काळजी कर असं आईनेच तर सांगितलं होतं. कुणाची करायची, ते तेवढं सांगायचं राहिलं होतं.

हा मुलगा म्हणजेच पुढचे समर्थ रामदास. त्यांच्या अशा गोष्टी बखरींमधून आणि आजीच्या मांडीवरून आपल्यापर्यंत आल्यात. सांगणाऱ्यागणिक त्यांचे तपशील थोडे बदलतात. पण सगळ्यांत एक धागा सारखा दिसतो. नारायणाला शब्दांशी खेळायची भारी खोड होती. समोरच्याचं बोलणं तो अगदी शब्दशः धरायचा, आणि मग बोलणाराच अडकायचा.

पुढचा खेळ मात्र महागात पडला. नारायण बारा वर्षांचा झाला आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्नाचं ठरलं. त्याला लग्न नको होतं. आईने मग त्याच्याकडून एक कबुली घेतली. अंतरपाट धरेपर्यंत नाही म्हणायचं नाही, एवढंच. आईचा हिशोब साधा होता. एकदा अंतरपाट धरला की पोरगं जातंय कुठे? नारायणाने शब्द पाळला, आणि अगदी तंतोतंत पाळला. मुंडावळ्या बांधून घेतल्या, बोहल्यावर उभा राहिला, अंतरपाट धरू दिला. भटजींनी सावधान म्हणताच मात्र तो खरोखरच सावध झाला आणि मांडवातून धूम पळाला!

ही गोष्ट ऐकताना आपण दरवेळी हसतो. अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीचा विचार त्या हसण्यात सहसा येत नाही. आणि मागे राहिलेल्या आईचाही येत नाही. वचन तर मोडलं नव्हतं, पण मुलगा गेला होता. अशा मुलावर रागवायचं तरी कसं?

पळालेला नारायण नाशिकला पोहोचला. तिथे टाकळीला बारा वर्षं तप आणि अभ्यास केला. पुढची बारा वर्षं देशभर पायी फिरला. बारा आणि बारा, चोवीस झाली. तेव्हा ना फोन होता, ना टपाल. जांबच्या घरात राणूबाई वाट बघत राहिल्या. रडून रडून त्यांची दृष्टी गेली, असं चरित्रांत सांगतात.

एक दिवस दारात एक गोसावी आला. राणूबाईंनी सुनेला भिक्षा घालायला सांगितलं. पण हा गोसावी भिक्षा घेऊन पुढे जाणारा नव्हता. त्याने आपण कोण ते सांगितलं, आईच्या पायाशी बसला, तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला. आणि तिला दिसू लागलं, असं ही गोष्ट सांगते. दिसू लागलं की नाही, यावर वाद घालण्यापेक्षा पुढे काय झालं ते बघा. चोवीस वर्षांनी भेटलेल्या लेकाला आईने पहिला प्रश्न काय विचारला असेल? हे कुठलं भूत वश करून आलास, असं विचारलं तिने! आणि छत्तीस वर्षांच्या लेकाने पुन्हा तोच जुना खेळ मांडला. भूत हा शब्द त्याने पकडूनच ठेवला. हो, एक भूत भेटलंय खरं, म्हणत त्याने त्या भुताचं वर्णन गाऊन दाखवलं. ते भूत वैकुंठात राहायचं, अशी सुरुवात करून शेवटी त्याचं नाव राम असल्याचं उलगडलं. म्हणजे अडगळीच्या खोलीतला तो संवाद जणू चोवीस वर्षांनी जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला. रडून झालेलं होतं, आता मायलेक कोड्यात बोलत होते. काही घरांत माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

आता तुम्हाला जालन्याहून थेट आपल्या रायगड जिल्ह्यात आणतो. १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाकाठी आले आणि चाफळ, मसूर परिसरात त्यांचं काम उभं राहिलं. तिथून सह्याद्री उतरून ते महाडजवळच्या शिवथरला येऊन राहिले. महाडहून भोरकडे जाणाऱ्या वरंधा घाटाच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत ही घळ आहे. पावसाळ्यात गेलात तर घळीच्या तोंडावर एवढा मोठा धबधबा कोसळत असतो, की शेजारच्याचं बोलणंही ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. मधल्या काळात ही जागा विस्मरणात गेली होती. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थांचं साहित्य शोधण्यात आयुष्य घालवलं. त्यांनी १९३० मध्ये ही घळ पुन्हा लोकांसमोर आणली.

परंपरा सांगते की दासबोध इथे लिहिला गेला. समर्थ सांगायचे आणि कल्याणस्वामी लिहून घ्यायचे. वीस दशक, दोनशे समास, साडेसात हजारांहून जास्त ओव्या. हे ऐकून तुम्ही जांभई द्यायच्या बेतात असाल, तर थांबा. हसणाऱ्या पोरांना गप्प करायला मोठी माणसं ज्या समर्थांची ओळ तोंडावर फेकतात, त्यांनी याच ग्रंथात मूर्खांची एक लांबलचक यादी दिलीय. स्वतःच स्वतःची स्तुती करणारा, सासुरवाडीला मुक्काम ठोकणारा, कारण नसताना खिदळणारा, असे सगळे नमुने तिथे आहेत. ती यादी घरात मोठ्याने वाचायला घ्या. पाच मिनिटांत काकाने मामाकडे बोट दाखवलं नाही, तर सांगा.

पण मला खरी गंमत वाटते ती तिसऱ्या दशकात. तिथे एका संसारी माणसाची गोष्ट येते. त्याचं घर पोरांनी भरून गेलंय. काही खेळतायत, एक रांगतंय, एक अजून आईच्या पोटात. घरात पाय ठेवायला जागा नाही आणि खायला दाणा नाही. मग तो बाप कमावायला परमुलखात जातो. काही वर्षांनी पैसे गाठीला बांधून परत येतो, तेव्हा पोरं आनंदाने नाचायला लागतात. कशासाठी? तर बाबाने आपल्याला अंगी-टोपडी आणली असतील म्हणून!

विचार करा. समोर धबधबा, मागे कातळ, आजूबाजूला किर्र जंगल. आणि तिथे बोहल्यावरून पळालेला, कधीच बाप न झालेला माणूस पोरांच्या गलक्याचं चित्र रंगवतोय. ते सांगण्यामागे त्यांचा हेतू संसाराच्या मोहापासून सावध करण्याचा होता, हे खरं. पण नव्या कपड्यांसाठी नाचणारं पोर ज्याने प्रेमाने न्याहाळलेलं नाही, त्याला ते असं लिहिता येईल का? महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधल्या मुलांना तर हे वेगळं सांगायलाच नको. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या बाबांची बॅग कोण आधी उघडतं, यावरून अजूनही मारामारी होतेच की!

शिष्यांच्या कुटुंबातही त्यांचा खोडकरपणा सुटला नाही. एकदा म्हणे त्यांनी गुडघ्यावर पिकलेला आंबा ठेवून वर घट्ट फडकं बांधलं आणि मोठं गळू झालंय म्हणून कण्हायला लागले. कुणीतरी तोंडाने चोखून घाण काढली तरच बरं वाटेल, असं सांगितलं. बाकीचे शिष्य एकमेकांकडे बघत राहिले. कल्याणाने मात्र मागचापुढचा विचार न करता तोंड लावलं आणि चक्क आमरस ओढला! परीक्षाही झाली आणि थट्टाही झाली. जांबचा नारायण तोवर पुरता मोठा झालाच नव्हता, म्हणायचा.

१६८२ साली सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. पण त्यांचा शब्दांचा खेळ आपल्या घरांत चालूच आहे. गणपतीत आपण रोज म्हणतो ती पहिली आरती त्यांचीच मानली जाते. आणि दरवर्षी घरातलं एखादं तरी पोर त्यात संकटीच्या जागी ठणकावून संकष्टी म्हणतं. दुरुस्त करायला जा, ते वाद घालतं. गणपतीची संकष्टीच असते ना, मग? घ्या, आता द्या उत्तर!

यंदा असा वाद झाला, तर लगेच डोळे वटारू नका. आणि कपाटामागे बसलेलं ते पिल्लू हाताला धरून बाहेर ओढण्याआधी, तिथे काय चाललंय ते एकदा विचारून बघा. राणूबाईंनी विचारलं होतं, म्हणून तर ही गोष्ट आपल्याला कळली.