इंजिनाचं नॉकिंग शोधणारा आणि जगाला शिशाचं पेट्रोल देणारा थॉमस मिज्ली

पनवेल सोडलं, खोपोली मागे पडली की बोरघाट सुरू होतो. कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांच्या काळात इंजिनाची खरी परीक्षा इथेच व्हायची. गाडीत सहा माणसं, टपावर सामान, समोर चढ आणि ड्रायव्हर वरचा गिअर सोडायला तयार नाही. मग बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज यायचा. गॅरेजवाला मिस्त्री तो आवाज नुसत्या वर्णनावरून ओळखायचा. नॉकिंग आहे म्हणायचा आणि टायमिंग मागे घेऊन द्यायचा.

आजच्या गाडीत हे काम नॉक सेन्सर करतो. इंजिनाची ती विशिष्ट थरथर त्याला कळते आणि गाडीतला कॉम्प्युटर क्षणात ठिणगीची वेळ बदलतो. पण शंभर वर्षांपूर्वी हा आवाज नेमका कशाचा, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ते शोधून काढलं थॉमस मिज्ली या अमेरिकन इंजिनिअरने. त्यावर त्याने औषधही शोधलं. ते औषध मात्र पुढे जवळपास शंभर वर्षं जगाच्या रक्तात भिनत राहिलं.

मिज्लीचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स इथे झाला. वडीलही संशोधक वृत्तीचे. कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. पुढे ज्याची सारी कीर्ती रसायनशास्त्रात झाली, त्या माणसाची पदवी रसायनशास्त्राची नव्हती. १९१६ साली तो ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. हँडल मारून गाडी सुरू करण्याच्या कटकटीतून ज्याने लोकांना सोडवलं, तोच हा सेल्फ-स्टार्टरवाला केटरिंग.

केटरिंगवर तेव्हा एक आळ आला होता. गाड्यांची इंजिनं ठोके देत होती आणि लोक त्याचं खापर त्याने आणलेल्या बॅटरीवरच्या इग्निशनवर फोडत होते. ठिणगी पडण्याआधीच इंधन पेट घेतं, असा सर्वसाधारण समज होता. खरं काय ते शोधून काढ, असं केटरिंगने या नव्या पोराला सांगितलं.

मिज्लीने सिलिंडरमधल्या दाबाची प्रत्यक्ष नोंद घेणारं उपकरण जोडलं आणि चित्र उलटं निघालं. ठोका ठिणगीनंतर पडत होता. त्याचं असं होतं: ठिणगी पडली की ज्वाळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. तिच्या पुढे उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं आणि ज्वाळा पोहोचण्याआधीच एकदम भडकतं. पिस्टनवर हातोडा बसावा तसा दाबाचा तडाखा बसतो. हे वारंवार झालं तर पिस्टनला भोक पडू शकतं, बेअरिंग जातात. म्हणजे दोष ठिणगीत नव्हता, इंधनात होता.

मग इंधनात काय मिसळायचं? पहिलं उत्तर सापडलं ते चक्क चुकीच्या तर्कातून. बर्फ असतानाच फुलणारं आर्ब्युटस नावाचं एक रानफूल असतं, त्याची पानं तांबूस. लाल रंग उष्णता जास्त शोषत असेल, तर इंधनही लाल केलं की ते लवकर वाफ होऊन नीट जळेल, असा विचार निघाला. प्रयोगशाळेत लाल रंग नव्हता, आयोडिन होतं. ते घातलं आणि ठोके थांबले! नंतर खरे लाल रंग आणून घातले, तेव्हा काहीच झालं नाही. करामत रंगाची नव्हतीच, आयोडिनची होती. पण आयोडिन महाग आणि धातू खाणारं, म्हणून शोध पुढे चालू राहिला.

या शोधासाठी ठोका मोजणंही गरजेचं होतं. कानाने ऐकून थोडा कमी, थोडा जास्त म्हणणं किती दिवस चालणार? मिज्ली आणि त्याचा सहकारी टी. ए. बॉइड यांनी उडत्या पिनचं एक उपकरण तयार केलं. सिलिंडरला लावलेल्या पातळ पडद्यावर एक पिन टेकलेली असायची. ठोका पडला की ती उसळायची आणि वर विजेचा संपर्क जोडला जायचा. त्या विजेने आम्लाच्या द्रावणातून वायू निघायचा. जितका वायू जास्त, तितके ठोके जास्त. मिज्लीचं हे काम सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे, आणि खरं तर तेच सगळ्यात निर्मळ आहे. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ठरवण्याच्या चाचण्यांत उडती पिन पुढे अनेक वर्षं वापरात होती.

अॅनिलिन झालं, सेलेनियम झालं. टेल्युरियम उत्तम चाललं, पण त्याचा लसणासारखा वास अंगाला असा चिकटायचा की आंघोळ करूनही जात नसे. शेवटी ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेडची पाळी आली आणि इंजिन एकदम शांत झालं. एका गॅलन पेट्रोलला सुमारे तीन मिलिलिटर पुरत होतं.

लेड म्हणजे शिसं. ते विषारी आहे हे काही तेव्हा गुपित नव्हतं. दुसरा पर्यायही हाताशी होता. मद्यार्क म्हणजे इथेनॉल घातलं तरी ठोके थांबतात, हे मिज्लीला पक्कं ठाऊक होतं. तसे प्रयोग त्यानेच केले होते. पण मद्यार्क भरपूर लागायचा आणि तो कुणीही गाळू शकत होतं. शिशाचे थेंब पुरायचे, आणि त्यांचं पेटंट जनरल मोटर्सकडे राहणार होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल विकायला सुरुवात झाली. नाव ठेवलं एथिल. शिशाचा उल्लेखच नाही. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्या याच इंधनावर धावल्या. त्याच वर्षाच्या सुरुवातीला खुद्द मिज्ली शिशाच्या विषबाधेने आजारी पडला होता आणि हवापालटासाठी मायामीला गेला होता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत टेट्राइथाइल लेड बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले, झटके येऊ लागले. पाच जण दगावले. वर्तमानपत्रांनी या वायूला वेडाचा वायू ठरवलं. ३० ऑक्टोबरला मिज्ली पत्रकारांसमोर आला, ते द्रव त्याने हातांवर ओतलं आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगली. रोज असं केलं तरी काही होणार नाही, अशी ग्वाही दिली. ज्याला स्वतःला आधीच बाधा झाली होती, त्याने हे करावं, याला अज्ञान म्हणता येत नाही.

१९२५ मध्ये विक्री थांबली, तज्ज्ञांची समिती बसली. तिने काही महिन्यांत पाहणी उरकून बंदीला पुरेसा आधार नसल्याचं सांगितलं आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. मग ते पेट्रोल जगभर गेलं.

मिज्लीने पुढे फ्रिजसाठी बिनविषारी, न पेटणारा वायू शोधला. १९३० साली तो छातीत भरून घेऊन, त्याच फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. हा क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे ओझोनच्या थराला भोक पाडणारा वायू. ते जगाला कळायला १९७४ साल उजाडलं. पण ती बाब वेगळी. ओझोनचं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, शिशाचं होतं.

१९४० मध्ये मिज्लीला पोलिओ झाला आणि तो अपंग झाला. अंथरुणातून स्वतः उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळलेल्या अवस्थेत तो मृत सापडला. वय ५५. ती आत्महत्या असावी असंही मानलं जातं. त्या वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. तेव्हा त्याच्या नावापुढे फक्त मानसन्मान होते.

शिशाचा हिशेब मांडला क्लेअर पॅटरसनने. दगडांतल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढणाऱ्या या शास्त्रज्ञाला नमुन्यांत नको तिथे शिसं सापडत राहिलं. माग काढता काढता तो गाड्यांच्या धुरापर्यंत पोहोचला आणि १९६५ पासून त्याने हा विषय लावून धरला. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो, हेही पुढे पक्कं झालं. गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागू लागले, ते शिशाने निकामी व्हायचे, हेही एक कारण झालं. भारतात १९९५ साली चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. पंपावरच्या अनलेडेड या पाट्या अनेकांना अजून आठवत असतील. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने ते थांबवलं.

आणि तो बाजूला पडलेला मद्यार्क? महाराष्ट्रातले साखर कारखाने आज उसाची मळी आणि रसापासून इथेनॉल बनवतात, आणि देशात पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. या मिश्रणाबद्दल मायलेजच्या तक्रारी पुष्कळ आहेत. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा मात्र साध्या पेट्रोलपेक्षा बराच वर असतो. पनवेलला टाकी भरून बोरघाट चढणाऱ्या गाडीचे ठोके आता तेच आवरतं.