घरातल्यांचा अबोला सोसून इंग्रजी शिकलेल्या रमाबाई रानडे

रमाबाई रानडे म्हटलं की पुण्याचं सेवासदन आठवतं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी ही ओळख तर आहेच. पण लग्न झालं तेव्हा या बाईंना साधी मुळाक्षरंही येत नव्हती, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्या गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून बोलल्या, ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, देवराष्ट्रे गावचा. माहेर कुर्लेकरांचं, नाव यमुना. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगावही हेच. पूर्वी ते खानापूर तालुक्यात धरलं जायचं (आपलं बेळगावचं खानापूर नव्हे, विट्याकडचं). मुलींना शिकवायचं नाही, असा त्या घरचा रिवाज होता.

१८७३ च्या डिसेंबरात लग्न झालं. मुलगी अकरा वर्षांची, नवरा एकतीसचा. पहिली पत्नी वारली तेव्हा रानड्यांनी विधवेशी लग्न करावं अशी सुधारक मंडळींची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे रानड्यांनी मान तुकवली. त्यावर तेव्हा खूप टीका झाली, आणि ती चुकीची होती असं काही म्हणता येणार नाही. मात्र लग्न होताच त्यांनी या मुलीच्या हातात पाटी-पेन्सिल दिली आणि श्रीगणेशापासून सुरुवात केली. मराठी लिहिणं-वाचणं जमायला लागल्यावर इंग्रजीची पाळी आली.

नवशिक्या मराठी माणसाला इंग्रजी कुठे अडवते, ते आपल्याला चांगलं माहीत आहे. इकडे बेळगाव-निपाणीच्या मुलांना मराठी आणि कन्नड दोन्ही सांभाळून ती शिकावी लागते. या दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीत ते मध्येच येऊन बसतं. आपण 'घरात' म्हणतो तेव्हा 'त' मागून लागतो, इंग्रजीतला 'इन' आधी येतो. ए, ॲन, द यांना तर मराठीत जोडच नाही. 'जातो' आणि 'जाते' हा भेद तिकडे नाही म्हणून हायसं वाटतं, तोवर 'ही' आणि 'शी' येतात आणि क्रियापदाला 'एस' लावायला लावतात. हे नियम समजणं अवघड नाही. ते अंगवळणी पडायला रोज मोठ्याने वाचावं लागतं, चुकावं लागतं, पुन्हा वाचावं लागतं.

रमाबाईंना नेमकं तेच करता येत नव्हतं. रानड्यांच्या घरात सासूबाई, नणंद, नात्यातल्या इतर बायका असा मोठा गोतावळा होता. बायकांनी शिकणंच तिथे कोणाला रुचत नव्हतं, मग इंग्रजी तर लांबच राहिली. दिवसभर घरकाम, टोमणे आणि थट्टा; अभ्यास रात्री. त्यातही मोठ्याने वाचायची चोरी. रानडे कोर्टात असायचे, त्यामुळे दिवसाचं सगळं रमाबाईंनाच झेलावं लागायचं. पुढे नाशिक आणि धुळ्याला बदल्या झाल्या. तिथे पुण्याच्या घराइतकी पाळत नव्हती, आणि अभ्यास पुढे सरकला.

पुण्यात परतल्यावर मिस हरफर्ड नावाच्या बाई इंग्रजी शिकवायला येऊ लागल्या. पंडिता रमाबाईंनाही त्यांनीच शिकवलं. मडमेशेजारी बसून धडा झाला म्हणजे विटाळ झाला, असं घरातल्या बायकांचं मत. मग अंघोळ केल्याशिवाय घरात वावरायचं नाही! रमाबाईंनी अंघोळी केल्या, पण धडे सोडले नाहीत.

त्यानंतर पुण्यात मुलींचं हायस्कूल निघावं म्हणून सभा भरली. गव्हर्नर फर्ग्युसन हजर होते. त्या सभेत रमाबाईंनी छोटा इंग्रजी मजकूर वाचून दाखवला. पुरुषांच्या सभेत, साहेबापुढे, तेही इंग्रजीतून! घरी परतल्यावर बायकांनी बोलणंच टाकलं. रानड्यांनाही ऐकवण्यात आलं, पण ते गप्प राहिले. हा त्यांचा स्वभाव होता. बायकोला शिकवण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना तोंडावर कधी उत्तरही दिलं नाही. त्या गप्प बसण्याची किंमत रमाबाईंनी मोजली. १८८४ च्या सप्टेंबरात ते हायस्कूल सुरू झालं. तेच आजचं हुजूरपागा.

शिकवणाऱ्याने आधी स्वतः शिकावं, हे रानड्यांकडे पुरेपूर होतं. १८८६ मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी दोघं कलकत्त्याला राहिली. तिथे रानड्यांनी बायकोला बंगाली शिकवायचं ठरवलं, पण त्यांना स्वतःलाच ती कुठे येत होती? मग पुस्तकं आणली. एकदा रमाबाईंनी पाहिलं, तर न्हावी दाढी करतोय आणि साहेब हातात पुस्तक धरून त्यालाच उच्चार विचारताहेत. रमाबाईंना हसू आवरेना. दत्तात्रेयाने चोवीस गुरू केले, मग न्हाव्याकडून शिकलो तर काय बिघडलं, असं रानड्यांचं म्हणणं पडलं.

१९०१ मध्ये रानडे गेले. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी रमाबाई होत्या. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन सुरू झालं, ते रानड्यांच्या वाड्यातच. ज्या घरात त्यांना दबक्या आवाजात वाचावं लागलं होतं, त्याच घराण्याच्या वाड्यात मोठ्या वयाच्या बायका, विधवा, परित्यक्ता उघडपणे पाटी घेऊन बसू लागल्या. १९१० मध्ये रमाबाईंनी आपल्या आठवणींचं पुस्तक छापलं. इंग्रजीसाठी एवढं सोसलेल्या या बाईंनी ते लिहिलं मात्र मराठीत.

शेवटच्या वर्षांत पुण्यात मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून त्या झगडत होत्या. नगरपालिका मुलांना सक्ती करून मुलींना वगळायच्या बेतात होती. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं.